एक फुटाचा दावा

आरशाचे अकरा तुकडे झाले होते. नऊ फरशीवर, एक कढीपत्त्याच्या कुंडीत आणि एक अजून चौकटीतच, कोपरा धरून बसलेला. त्रिवेणीने ते आधी मोजले, मग उचलले, आणि उचलताना तिच्या लक्षात आलं की स्कूटर आपण अजून स्टँडवर लावलेलीच नाही, मांडीवर तोलून धरली आहे. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या या बोळातून ती आठ वर्षं लूना आत-बाहेर काढत आली होती आणि कधी कोपर खरचटलं नव्हतं. स्कूटरचा आज तिसरा दिवस. डावीकडे घराच्या कडेने सतरा कुंड्या, उजवीकडे शेजारच्या अप्पारावांची भिंत. लूनाचं हँडल अरुंद होतं, शिवाय लूनाला आरसेच नव्हते, हे तिला तिथल्या तिथे कळलं होतं. तरीही तिने भिंतीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने या भिंतीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. माणूस ज्याच्याजवळून रोज जातो त्याचं त्याला माप नसतं.

आवाजाने भगवंतराव बाहेर आले. बनियनवर, हातात पेपर. "काय फुटलं?"

"आरसा, बाबा."

"काय फुटलं ते सोड. कशाने फुटलं ते बघ." त्यांनी पेपर काखेत धरला आणि भिंतीवर तळवा टेकला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा. "आत आलीय ही. चार वर्षं सांगतोय मी. तुला वाटतं म्हातारा बडबडतो."

ते चार वर्षं सांगत होते हे खरं होतं, पण चहा निवला हे सांगावं तशा आवाजात, आणि त्रिवेणीनेही ते तसंच ऐकलं होतं. आज तिच्या हातात काचेचा एक तुकडा होता, आणि तुकडा हातात असला की वाक्य वेगळं ऐकू येतं. ती सिकंदराबादच्या एका कंपनीत काटे तपासायची. औषधांच्या कारखान्यांतले, मिलिग्रॅमच्या हिशोबाचे काटे. माल परदेशी जायला लागल्यापासून प्रत्येक कारखान्याला प्रत्येक काट्याचं प्रमाणपत्र हवं असे, आणि ते त्रिवेणीच्या सहीने जाई. काटा खोटा आहे असं कोणी म्हटलं की ती कधी हो म्हणत नसे आणि नाही म्हणत नसे. ती वजनाची पेटी उघडायची. आणि इथे, स्वतःच्या घरात, एक माणूस चार वर्षं म्हणत होता की माप खोटं आहे, आणि तिने पेटी उघडली नव्हती.

चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा सगळं नांदेडला केलं होतं, गोदावरीवर. तेराव्याचं जेवण उरकून चौदाव्या दिवशी बाबा आणि ती बरकतपुऱ्यातल्या घरी परतली तर जुनी भिंत नव्हती. कमरेएवढी दगडी भिंत होती ती, वरचे दगड हात टेकून टेकून गुळगुळीत झालेले. तिच्यावरून आई, तारामती, आणि पलीकडच्या सुशीलम्मा वाट्या द्यायच्या-घ्यायच्या, उगादीची चटणी इकडे यायची, पुरणपोळी तिकडे जायची. तिच्या जागी सहा फुटांची विटांची भिंत उभी होती, ओली, सिमेंटचा वास येणारी. अप्पारावांच्या मुलाने जुनं घर पाडून चार मजल्यांचे फ्लॅट काढायला घेतले होते, तसे तेव्हा गल्लीत सगळेच काढत होते. भांडण झालं नाही. वाट्या थांबल्या त्या भांडणाने नाही, उंचीने थांबल्या. पण भगवंतरावांच्या मनात ते तेरा दिवस राहिले. आपण तिकडे नदीत उभे होतो आणि इकडे घण चालला होता, असं ते एकदाच म्हणाले, आणि नंतर त्याऐवजी म्हणू लागले की भिंत आत आलीय.

खरेदीखत ट्रंकेत होतं, साठ सालाच्या आधीचं, उर्दूत. त्रिवेणीला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. भगवंतरावांची शाळा परभणीची, निजामाच्या वेळची, उर्दू माध्यमाची. मराठी ते घरी शिकले. चष्मा लावून त्यांनी चतुःसीमा वाचली. दक्षिणेला रस्ता, पश्चिमेला जुन्या बागेची दगडी भिंत, पूर्वेला अप्पाराव, आणि पूर्व-पश्चिम रुंदी साठ फूट. "मी स्वतः मोजलेली," ते म्हणाले. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. त्या दिवशी टेप त्यांची होती.

त्रिवेणीने कंपनीतून पोलादी टेप आणली आणि रविवारी सकाळी तीनदा मोजलं. पुढच्या अंगाने, मधून आणि मागच्या अंगाने. एकोणसाठ फूट. एकोणसाठ फूट पाव इंच. एकोणसाठ फूट. तिने तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि खाली लिहिलं, 'अर्धा इंच इकडे-तिकडे'. भगवंतराव तिच्या खांद्यावरून बघत होते. आत जाऊन त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, आणि घरातल्या घरात तो सदरा घालून बसले, जणू कोणी बोलावायला येणार आहे.

घर आता तिच्या नावावर होतं. आई गेल्यावर सहा महिन्यांत बाबांनी ते करून टाकलं होतं. त्यामुळे दावा करायचा तर तो त्रिवेणीचा, सही त्रिवेणीची, आणि वादी म्हणून पुढची किती वर्षं कोण जाणे, नाव त्रिवेणीचं. तिला त्याची भीती वाटली नाही. उलट एक प्रकारचा नीटपणा वाटला. एक फूट आहे किंवा नाही. असेल तर परत घ्यावा.

त्या संध्याकाळी फाटकापाशी अप्पाराव भेटले. रेल्वेच्या बुकिंगमधून रिटायर झालेले, पांढरी लुंगी, हातात कढीपत्त्याची जुडी. त्यांच्या फ्लॅटमधल्या बायका कढीपत्ता फ्रिजमध्ये ठेवतात याचं त्यांना अजून नवल होतं, म्हणून ते स्वतः रोज ताजा आणत. फुटलेला आरसा त्यांनी लांबूनच ओळखला.

"गाडी नई है अम्मा, हात नए हैं," ते म्हणाले. "दीवार क्या करती?"

"दीवार आत आलीय म्हणतात बाबा. एक फूट."

अप्पारावांनी जुडी या हातातून त्या हातात घेतली. भगवंतरावांशी आणि तिच्याशी ते पस्तीस वर्षं दखनीच बोलत. मराठी सगळी समजायची. "एक फूट? मैं? तुमकू लगता?"

"मला काही वाटत नाही, अंकल. मी मोजलं. एकोणसाठ आहे. कागदावर साठ आहे."

"कागद पे साठ तो रहना. मैंइच तो पढा था. तुम्हारे बाबा उधर बैठ के टेप पकडे, मैं इधर. मैं बोला साठ, वो लिख लिए साठ." मग थोडं थांबून, भिंतीकडे न बघता, "पुराने पाये पेइच उठाए दीवार, अम्मा. बच्चे जल्दी में थे."

शेवटचं, घाईचं वाक्य त्या तेरा दिवसांबद्दल होतं हे तिला कळलं, आणि त्यांनाही कळलं की तिला कळलं. पण त्या दोघांच्या मध्ये तेव्हा एक फूट होता, आणि तो बाजूला ठेवून बोलता येईना.

काचीगुड्याला प्रतापराव वकिलांचं घरातच ऑफिस होतं. ते भगवंतरावांचे शाळेतले, म्हणून त्रिवेणी एकटीच गेली; दोन म्हातारे एकत्र आले की परभणीची शाळा निघायची आणि दावा राहून जायचा. प्रतापरावांनी वहीतले तीन आकडे पाहिले, 'अर्धा इंच इकडे-तिकडे' पाहिलं आणि हसले. "असा अशील मला चाळीस वर्षांत मिळाला नाही. बस. आता सांग, मागायचं काय?"

"म्हणजे?"

"कोर्टात गेल्यावर जज्ज विचारतो, तुमची मागणी काय. भिंत पाडा? जमीन ताब्यात द्या? मनाई द्या? का नुसतं जाहीर करा की हद्द इथे आहे? एकेकाचा रस्ता वेगळा, बेटा. आधी पोचायचं कुठे ते ठरव, मग रिक्षात बस."

"जे खरं आहे ते हवं."

"हौ. ते कोणी देत नाही." त्यांनी पानाचा डबा उघडला आणि परत बंद केला. "साक्षीदार?"

"बाबा. त्यांनी मोजलं होतं."

"आणि टेपचं दुसरं टोक?"

"अप्पाराव अंकलच्या हातात."

"वाहवा. म्हणजे जगात दोन साक्षीदार. एक वादीचा बाप, दुसरा प्रतिवादी. दोघं सत्तरीला आलेले." ते आता हसत नव्हते. "मुदतीची घाई करू नको. ताब्याच्या दाव्याला बारा वर्षं असतात, तुझी चार झाली. आधी नोटीस द्यावी लागेल, नोटिशीला उत्तर येईल, उत्तरात ते तुझ्या आईचं नावसुद्धा घेतील, ते वाचायची तयारी ठेव. मी एका भिंतीचा दावा घेतला तेव्हा आमची स्नेहा पहिलीत होती. गेल्या महिन्यात तिचं एम.ए. झालं. भिंत आहे तिथेच आहे. आणि निकाल लागला, जिंकलीस, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात अप्पारावच भेटणार आहे. हे सगळं मी तुला घाबरवायला सांगत नाही. तू घाबरणाऱ्यातली दिसत नाहीस."

"नाही," त्रिवेणी म्हणाली.

"मग आण तो कागद." त्यांनी खत उजेडाकडे धरलं आणि बोट लावून वाचू लागले. बाबा वाचत त्यापेक्षा हळू, आणि काहीही न गाळता. साठ फुटांपाशी थांबले नाहीत, पुढे गेले. "हे बघ. विहिरीलगत पुख्ता चबुतरा, दगडी, लांबी बीस फीट. हे वाचलं होतं त्याने तुला?"

नव्हतं वाचलं. चबुतरा आपलाच, त्यात वाचायचं काय, असं बाबांना वाटलं असणार.

"कोर्ट कमिशनर नेमेल. तो टेप घेऊन येईल आणि कागदावरचं प्रत्येक माप मोजेल, एकटा साठ नाही. अप्पारावचा वकील त्याला आधी तिथेच नेईल. चबुतरा कोणी सरकवलेला नाही ना? मग कमिशनर मोजायच्या आत तू मोज. आपल्याच कागदाने आपल्याला पाडलं असं माझ्या ऑफिसात पुष्कळदा झालंय."

परतताना तिने स्कूटर सावकाश चालवली. उजव्या बाजूचा आरसा नव्हता, त्यामुळे त्या बाजूचं जग मागे वळून बघावं लागत होतं. एक गोष्ट तिला रविवारपासून टोचत होती आणि आता तिला शब्द मिळाला. आकडा फार स्वच्छ होता. भिंत सरकवणारा माणूस विटेने सरकवतो, साडेचार इंच, नऊ इंच, नाहीतर दोरी वाकडी लागून कुठे आठ आणि कुठे अकरा. पुढे, मध्ये आणि मागे बरोबर एकेक फूट, अर्ध्या इंचाच्या आत, हे गवंड्याचं काम वाटत नव्हतं. तिच्या कामात जेव्हा काटा सगळीकडे सारखाच चुकायचा, तेव्हा ती पदार्थाकडे बघायची सोडून शून्याकडे बघायची.

शून्य. आणि मग पाचवीतली दुपार तिच्यासमोर उभी राहिली, इतकी स्पष्ट की चौकात तिने सिग्नल सुटलेला पाहिला नाही आणि मागच्या रिक्षावाल्याने हाक मारली. लाकडी पट्टी, टोक कंपासपेटीत घासून गोल झालेलं. ती रेघ मोजत होती आणि बाबा तिच्या मागे उभे होते. टोकाचा भरवसा धरू नकोस, ते म्हणाले. टोक आधी झिजतं. एकावर धर आणि शेवटी एक वजा कर. त्यांच्या खात्यातल्या कापडी टेपांची टोकं चिखलात ओढून तुटलेली असायची, कडी गेलेली असायची, म्हणून सगळे ओव्हरसियर टेप एक फुटाच्या खुणेवर धरायचे. धरणारा ओरडायचा, 'फुटावर', आणि पलीकडे वाचणारा वजा करून आकडा सांगायचा. वजाबाकी वाचणाऱ्याची, ही खात्याची रीत. घरातही तेच. पडद्याचा बार, माळ्याची फळी, त्रिवेणीची उंची. बाबा एका टोकाला बसून 'फुटावर धरलंय' म्हणायचे आणि दुसऱ्या टोकाला आई मनातल्या मनात एक वजा करून आकडा सांगायची. आईला ते कोणी शिकवलं होतं कोण जाणे. पण खत झालं तेव्हा आई नांदेडला होती, घर बांधून झाल्यावर आली. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला रेल्वेच्या बुकिंगमधला माणूस होता, जो खिडकीत दिवसभर जे छापलंय तेच वाचत असे. मैं बोला साठ, वो लिख लिए साठ.

हे सिद्ध झालेलं नव्हतं. तिने स्वतःला तसं बजावलं. एक आठवण आणि एक शंका, दोन्ही आपल्याच डोक्यातल्या. गवंडीसुद्धा कधीकधी सरळ काम करतात. पण आता प्रश्न नीट होता, आणि प्रश्न नीट झाला की तिला नेहमी येतं ते तिला आलं, छातीत थोडी जागा झाल्यासारखं. त्याच दिवशी, त्याच टेपने, त्याच दोन माणसांनी मोजलेला चबुतरा अंगणात होता.

बाबा आजही इस्त्रीच्या सदऱ्यात होते. तिने सगळं सांगितलं, प्रतापराव, कमिशनर, पट्टी, फूट, काहीही न गाळता. ते ऐकताना एकदा उठले आणि पंखा बंद करून परत बसले.

"म्हणजे चूक माझी."

"मी तसं म्हटलं नाही. चबुतरा वीस भरला तर तुमचं माप बरोबर, अंकल एक फूट आत आलेत, आणि मी उद्या जाऊन वकीलपत्रावर सही करते. मागे हटणार नाही. एकोणीस भरला तर कागदावर पहिल्यापासूनच एक फूट जास्त आहे, आणि दावा नाही."

"तीस वर्षं कालवे मोजले मी. गावंच्या गावं माझ्या मापावर पाणी पीत होती."

"तिथे वाचणारा खात्यातला होता, बाबा."

पलीकडच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी केबलवर मॅच लावली होती, एकदम ओरडा झाला आणि विरला. "आणि ते तेरा दिवस?" त्यांनी विचारलं. "त्याचं काय करायचं?"

हे त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलं होतं. त्रिवेणीला वाटलं, प्रतापरावांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं. मागायचं काय, तर हे. "त्याचा दावा होत नाही," ती म्हणाली. "ते मी अंकलना तोंडावर विचारेन. माप काहीही आलं तरी. पण ते फुटात नाही विचारायचं."

"तू विचारशील?"

"हो. तुमच्यासमोर."

भगवंतराव उठले. "चल मग. उजेड आहे तोवर."

चबुतरा विहिरीच्या पलीकडे होता, काळ्या दगडाचा, गुडघ्याएवढा. विहीर बोअर मारल्यापासून झाकलेली, आणि चबुतऱ्यावर घरातलं नको असलेलं एकेक करून येऊन बसलेलं. दोन पिंपं, आईचा वाटणाचा दगडी रगडा, शहाबादी फरश्यांची चळत, एक खाट, आणि अगदी टोकाला उभी केलेली लूना. त्यांनी सगळं खाली उतरवलं. रगडा दोघांनाही हलेना, पण तो मधेच होता, कडेने जाणाऱ्या टेपच्या वाटेत नव्हता. त्रिवेणीने दोन्ही टोकांचे दगड झाडूने साफ केले, बोटांनी कड चाचपली. कुठे गिलावा नव्हता, कुठे जोड नव्हता. ज्याने हा घडवला त्याने दोन्ही कोपरे काटकोनात फोडले होते.

"टोक तुम्ही धरा," ती म्हणाली.

भगवंतरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पूर्वेच्या टोकाला खाली बसले, एक गुडघा टेकून, जसे ते कालव्यावर बसत असतील. नवी टेप त्यांनी बोटांत फिरवून पाहिली. कडी शाबूत होती, शून्य शाबूत होता. त्रिवेणी टेप सोडत पश्चिमेच्या टोकापर्यंत गेली, रगड्याला वळसा न घालता सरळ, आणि ओढून धरली. पट्टी ताठ झाली आणि थोडी थरथरून स्थिर झाली. भिंतीच्या पलीकडे कोणीतरी पाट्यावर चटणी वाटत होतं, आणि मग ते वाटणं थांबलं.

"धरलं?" तिने विचारलं.

"धरलं," ते म्हणाले. मग तिने मान वर केली, कारण ते अजून बोलत होते, खाली मान घालून, अंगठ्याखालच्या खुणेला सांगावं तसं. "फुटावर धरलंय ग. एक वजा कर."

तिने वाकून वाचलं. वीस. परत वाचलं. मग वही गुडघ्यावर ठेवली, वीसातून एक वजा केला, आणि लिहिलं:

चबुतरा, पूर्व-पश्चिम लांबी, एकोणीस फूट.